चार पायऱ्या

गुरुवारी गिऱ्हाईक कमी.
फेलिझ्मिना स्वतःच मेणबत्त्या विझवते,
एक सोडून,
आणि शाल ओढून घेते
जसं आतून दार लावून घ्यावं.
झेफेरीनु बारा तारा जुळवतो.
मी नळ बंद करतो.
फादू चालू असताना बशीवर काटा वाजला
तरी आमच्याकडे तो उद्धटपणा.

ती खालच्या मोरारियाचं गाणं गाते.
तिच्या दहाव्या वर्षी नगरपालिकेनं पाडलेल्या.
आता तिथे चौक आहे, नुसता वारा,
आणि बसची वाट पाहणारी माणसं
ज्यांच्या पायाखाली कुणाचं तरी स्वयंपाकघर.

*सतरा पायऱ्या चढून ये,
सुयावाल्यांच्या गल्लीत ये,
दाराला नाही कडी तिथे,
मांजर सगळ्यांचं तिथे…*

मी इथला नाही. ब्रागान्साकडचा,
थंडीत चेस्टनट वेचणाऱ्यांतला.
लिस्बनला आलो तोवर
गल्ली नव्हती, मांजर नव्हतं, सुयाही नव्हत्या.
तरी त्या कडवाशी माझा हात पाण्यात थांबतो.
न पाहिलेल्या घराची आठवण यावी
हा कुठला न्याय, कुणास ठाऊक.

तर त्या रात्री
कोपऱ्यातला म्हातारा, बेलार्मीनु नावाचा,
समोरचा बकाल्याव निवत चाललेला,
भर कडव्यात म्हणाला:
एकवीस.

गाण्यात बोलला!
झेफेरीनुची नखं तारांवर अडकली.
मालक गल्ल्यामागून उठला, हात पुसत.

एकवीस होत्या, बाई.
मी मोजल्यात. मोजूनच फोडल्या.
मजुरी पायरीमागे होती.

मला वाटलं, आता ग्लास फुटणार.
फेलिझ्मिना त्याच्याकडे बघत राहिली,
शिंपी बाही बघतो तशी,
उसवायची की राहू द्यायची.
मग म्हणाली:
ठाऊक आहे. चालीत सतराच बसतात.

आणि उरलेल्या?

वरच्या चारांवर आम्ही राहायचो.
त्या मी कुणाला गाऊन दाखवत नाही.

त्यानं पावाचा तुकडा उचलला, परत ठेवला.
एक दगड घरी नेला होता मी, तो म्हणाला,
फोडायला जीव झाला नाही… म्हणजे,
दगड चांगला होता. अजून सुरी पाजळतो त्यावर.

मधे खळगा आहे त्याला?

आहे. मुठीएवढा.

वरून तिसरी, ती म्हणाली.
आई बदाम फोडायची तिथे.
तिच्या आधी दुसरी कुणी फोडत असणार,
एका बाईच्या हातून दगड इतका झिजत नाही.

पुढे कुणी काही बोललं नाही.
मालकाला बसावं की उभं राहावं कळेना.
तिनं मान हलवली, झेफेरीनुनं पहिला सूर दिला,
आणि गाणं परत सुरुवातीपासून सुरू झालं,
सतरा पायऱ्यांचं.
म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली,
चर्चमध्ये ठेवतात तशी नव्हे,
कामावरून सुट्टी झाल्यावर ठेवतात तशी.

जाताना त्यानं बशीखाली दोनशे एस्कुदो जास्त ठेवले.
मजुरी परत केल्यासारखे, मालक म्हणाला.
मालकाला असली वाक्यं सुचतात. मला ते पटत नाही.

पुढच्या गुरुवारी तो दगड घेऊन येईल
असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं.
मी तर मागच्या दाराशी जागा झाडून ठेवली होती.
तो आला नाही. त्यानंतरही नाही.

फेलिझ्मिना अजून सतराच गाते.
फक्त त्या शब्दानंतर थांबते,
पूर्वी थांबत नसे.
झेफेरीनु म्हणतो, वय झालं, दम पुरत नाही,
आणि तेवढ्या वेळात तो एकच तार
अगदी हळू छेडत राहतो.

मी ओले हात धरून उभा असतो,
त्या थांबण्यात पायऱ्या मोजतो.
चार कधीच भरत नाहीत.
तीन येतात.
चौथ्या जागी, दूर कुठल्याशा स्वयंपाकघरात,
कुणीतरी सुरी पाजळतंय.